वर्षाची कोठी

बिडकीन हे पैठण रस्त्यावरचं गाव. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी इथल्या अनेकांच्या जमिनी गेल्या. खळ्यावरून घरात येणारं धान्य काही घरांत आता पोत्यांनी विकत येतं. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं काम मात्र सुटलेलं नाही.

किती भरायचं?

माणशी रोज पाव किलो धान्य धरलं, तर पाच जणांच्या घराला वर्षाला साडेचार क्विंटलांहून थोडं जास्त लागतं. त्यात पाव्हण्यारावळ्यांचं आणि सणावाराचं वेगळं धरा. मग गहू, ज्वारी, बाजरीची वाटणी घराच्या खाण्याप्रमाणे करा. बाजरी थंडीत जास्त खपते, उन्हाळ्यात ज्वारी.

ऊन द्यायचं, मग गार करायचं

साठवणीच्या दाण्यात ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. घरची परीक्षा सोपी: दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. वाळलेलं धान्य गरमागरम भरू नका. पत्र्याच्या कोठीत ते आतून घाम धरतं आणि बुरशी येते. रात्रभर गार होऊ द्या.

कीड कशी रोखायची?

सोंडे दाण्याच्या आत अंडी घालतात, म्हणून वरून स्वच्छ दिसणारं धान्यही पोखरलं जातं. कोठी आधी झाडून, उन्हात तापवून घ्या. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थरांमध्ये घाला. डाळींना एरंडेल चोळतात. तेलकट दाण्यावर भुंग्यांची अंडी टिकत नाहीत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात नकोत. ओल लागली की त्यांतून जीवघेणा वायू सुटतो.

पावसाळ्यात

कोठी रोज उघडू नका. महिन्याचं धान्य लहान डब्यात काढून घ्या. जुनं आधी संपवा. बाजरीचं पीठ चार-पाच दिवसांपुरतंच दळून आणा. त्यातल्या स्निग्धांशामुळे ते लवकर कडू होतं.

हिशेब कोणाच्या डोक्यात?

2024च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. निवडणं, पाखडणं या मिनिटांत येतं. कोठीत किती उरलं, ते दिवाळीपर्यंत पुरेल का, हा हिशेब मात्र हात दुसऱ्या कामात असतानाही चालूच असतो. म्हणून भरल्याची तारीख आणि वजन कोठीच्या झाकणावर खडूने लिहा, दर महिन्याला काढलेलं खाली मांडा. मग ‘ज्वारी किती राहिली?’ या प्रश्नाचं उत्तर घरात कोणालाही देता येईल.