एक्सेल नवा, तरी गाडी जागेवरच: बिघाड कुठे शोधायचा?

गाडी गिअरवाली, पुढच्या चाकांवर चालणारी. एक्सेल बदलला, चाक चढवलं, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन मजेत चाललंय आणि गाडी जागची हलत नाही. मग भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला.’ दुसरा म्हणतो, ‘क्लचप्लेट जळली.’ आमचं सांगणं असं, की इथेच थांबा. एक्सेल खोलायच्या आधी गाडी चालत गॅरेजात आली होती ना? मग क्लच आणि गिअरबॉक्स नेमके त्याच दुपारी कसे जातील? गिअरबॉक्स उतरवायची मजुरी देण्याआधी जोर कुठे हरवतोय ते पाहू.

आधी एक शब्द स्पष्ट करू. आपण ज्याला एक्सेल म्हणतो तो इथे ड्राइव्ह शाफ्ट. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची गाडी आपल्या घराघरात पोचली. अशा गाडीत गिअरबॉक्समधून दोन शाफ्ट निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट आणि त्यावर रबरी बूट. बाहेरचं टोक चाकाच्या हबमध्ये, आतलं टोक डिफरेन्शिअलमध्ये. आतल्या टोकावर दाते असतात आणि दात्यांच्या शेवटी तारेची एक बारीक कडी, सर्कलिप. शाफ्ट पूर्ण आत गेला की ती कडी खाचेत बसते.

आता खरी गोम. डिफरेन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. विहिरीची कप्पी डोळ्यांपुढे आणा. कप्पीवरून दोर टाकलाय, दोन्ही टोकांना एकेक कळशी बांधली आहे. कप्पीच वर उचललीत तर दोन्ही कळशा उचलल्या जातात. पण एक टोक मोकळं सोडा आणि कप्पी उचला: दोर सरसर निघून जातो, बांधलेली कळशी जमिनीवरच. डिफरेन्शिअलचं अगदी तसंच. एका बाजूचा शाफ्ट दात्यांत बसला नसेल, तर तिकडची आतली चक्री नुसती गरगरते आणि दुसऱ्या, चांगल्या चाकालाही काही मिळत नाही. म्हणून ‘एकच एक्सेल तर खोलला होता, दुसऱ्या चाकानं तरी गाडी ओढायला हवी’ हा हिशेब चुकतो. अँबॅसडरचा मागचा एक शाफ्ट तुटला की गाडी जागीच उभी राहायची, तेही याच कारणानं.

तपासणी बसल्या जागेवरून सुरू करा. सपाट जागा, पहिला गिअर, क्लच हळूच सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं, तर जोर चाकापर्यंत पोचतोय आणि काहीतरी अडलंय: हँडब्रेक, चिकटलेला ब्रेक, चुकीचा बसलेला हब. इंजिन बंद पडत नसेल तर जोर वाटेत सुटतोय. मग स्पीडोमीटर बघा. बऱ्याच गाड्यांत त्याची केबल किंवा सेन्सर डिफरेन्शिअलच्या बाजूला असतो. गाडी उभी आणि काटा मात्र चढतोय, म्हणजे क्लच ठीक, गिअर ठीक, दोष त्याच्या पुढे, शाफ्टमध्ये. (ज्या गाडीत वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून मोजतात, तिथे ही खूण चालत नाही.) काटाही हलत नसेल तर काम करताना गिअरची केबल किंवा लिंकेज निसटली का, क्लचची केबल ताणलेली राहिली का, ते पाहा. आणि कर्रकर्र आवाज आला तर लगेच बंद करा. अर्धवट बसलेले दाते एकमेकांना खातात, आणि मग पाचशेचं काम खरोखरच गिअरबॉक्सवर जातं.

दुसरी तपासणी इंजिन बंद ठेवून. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, पुढून गाडी उचलून स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. पहिला गिअर टाका आणि एक पुढचं चाक हातानं फिरवा. सगळं जोडलेलं असेल तर दुसरं चाक उलट दिशेनं फिरतं. ते ढिम्म राहिलं तर कुठल्यातरी बाजूची जोड सुटली आहे. आधी नव्या शाफ्टची बाजू बघा: आतला जॉइंट आणि गिअरबॉक्स यांत फट, तिथून तेलाचे थेंब. चाक फिरतंय पण शाफ्ट स्थिर असेल तर दोष बाहेरच्या टोकाला. ही तपासणी इंजिन चालू ठेवून करू नका. एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगानं फिरतं.

शाफ्ट बसत का नाही? रत्नागिरीत एक कारण हवेतच आहे. खारा वारा आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. बूट फाटला की जांभ्याची लाल माती आणि पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, वळणावर टकटक सुरू होते आणि शाफ्ट बदलावा लागतो. नवा शाफ्ट जुना माल म्हणून पडून असेल तर त्याच्या दात्यांवर गंज, कडी वाकलेली. जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी मोजा, दाते मोजा. डावा-उजवा सहसा वेगळा असतो, कारण गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसतो. कडी नवी घाला, तोंड वरच्या बाजूला ठेवून शाफ्ट सरळ धरा आणि एकदम नेटानं आत ढकला. ‘टक्’ जाणवलं पाहिजे. मग जॉइंटची वाटी धरून बाहेर ओढून बघा. मधला दांडा ओढू नका, आतला जॉइंटच सुटून येईल. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर आतल्या चक्र्या सरकतात. म्हणून एक बसवून मगच दुसरा काढावा.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडे फार महत्त्वाची. अशी गाडी उतारावर कधीही ‘गिअरमध्ये आहे’ म्हणून सोडू नका. जो शाफ्ट इंजिनाचा जोर चाकाला देत नाही, तो इंजिनाची अडही चाकाला देत नाही. आंबा घाटात म्हणा, किल्ल्याच्या चढावर म्हणा, गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. आधी चाकामागे दगड, मग पुढचं बोलणं. टो करून न्यायची तर पुढची चाकं उचलून.

शाफ्ट बाहेर आला तेव्हा गिअर ऑइल सांडलेलं असतं, ते पातळीपर्यंत भरा. हबची नट नवी घ्या आणि गाडीच्या पुस्तकातल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळा. पहिली फेरी सपाटीवर, पन्नास पावलं पुढे, पन्नास मागे. रात्री आतल्या सीलखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी डाग पडलाय का बघा.