गहू वर्ज्य

गव्हाची पोळी लाटता येते आणि ज्वारीची भाकरी थापावी लागते, याला कारण एक प्रथिन आहे. मूठभर मैदा घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग तो गोळा पाणी बदलत बदलत पाण्यात चोळत राहा. पिष्ट सुटून पाणी पांढरं होत जातं आणि शेवटी हातात करडा, चिवट, ताणला की लांबणारा लगदा उरतो. हेच ग्लुटेन. पोळीला पदर सुटतात, पाव फुगतो, गच्च पुरण भरूनही पोळी फाटत नाही, ते याच्या जोरावर. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीच्या पिठाला गरम पाणी घालून चिकटपणा आणावा लागतो आणि हात सराईत नसेल तर कडा चिरतात.

बहुतेकांना हे प्रथिन सुखेनैव सोसतं. जगात साधारण शंभरातल्या एकाला मात्र ते सोसत नाही. या विकाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. ती अ‍ॅलर्जी नाही की पोटाचा नाजूकपणा नाही. हा स्वयंप्रतिकार विकार आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते. ग्लुटेनमधल्या ग्लायडिनचे पूर्ण तुकडे आपले पाचकरस करू शकत नाहीत. जे लांब तुकडे उरतात ते लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात आणि डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 ही जनुकं असलेल्या काही माणसांत पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजतात. या झटापटीत आतड्याच्या आतली बारीक लव झडून सपाट होते. अन्न शोषायचं काम ती लवच करत असते. ती गेली की ताटात काहीही वाढा, लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड अंगी लागत नाही. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात, त्यामुळे तीही वर्ज्य.

हा दोष गव्हाचा आहे हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन छापलं आणि रुग्ण बरा झालाच तर आहारानेच होईल, असंही लिहून ठेवलं. पण कोणता आहार, ते सापडत नव्हतं. 1924 पासून अमेरिकेत सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार गाजला. त्यात पाव-बिस्किटं बंद असल्याने मुलं सुधारत आणि श्रेय केळ्यांना मिळे. खरा धागा हाती लागला तो नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या. त्यांचा गव्हावर संशय युद्धाआधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव दिसेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. त्या उपासमारीत डिके यांचे हे छोटे रुग्ण मात्र सुधारत होते. 1950 मध्ये त्यांनी उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि गहू बंद करणं हा उपचार ठरला. आजही नेहमीचा उपचार तोच आहे.

भारतात हा उत्तरेचा आजार मानला जातो, आणि त्यात तथ्य आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री पाहणीत उत्तर भारतात त्याचं प्रमाण 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत अवघं 0.10 टक्के आढळलं. त्याला पोषक जनुकं तिन्हीकडे आहेत, ताटातल्या गव्हाचं प्रमाण मात्र फार वेगळं आहे. महाराष्ट्र भाकरीच्याही मुलखात आहे आणि पोळीच्याही. दोन पिढ्यांपूर्वी पोळी ही सणाची, पाहुण्यांची गोष्ट होती. रेशन, कालवे आणि शहरांनी ती रोजच्या डब्यात आणली. तरीही आपल्याकडे पोटाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाचा विचार करताना सिलिअ‍ॅक आठवतो तो फार उशिरा.

माझ्या भाचीचं असंच झालं. ती वर्गात सगळ्यांत बुटकी होती, तोंड सारखं यायचं, हिमोग्लोबिन आठाच्या वर चढत नसे. लोहाची सिरपं झाली, गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, ‘खात नाही नीट’ म्हणून वहिनीला बोल लागले. मुलगी अकरावीत असताना एका पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी ही या आजारातल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. तिला जुलाब फारसे कधी नव्हतेच. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण हगवण आणि फुगलेलं पोट हे पुस्तकी चित्र अनेकांत दिसतच नाही. न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, लांबलेली पाळी, वारंवार गर्भपात, तरुण वयात ठिसूळ झालेली हाडं, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड, यकृताच्या चाचणीतले वाढलेले आकडे, यांपैकी एखादंच लक्षण घेऊन माणूस वर्षानुवर्षं वेगवेगळ्या दवाखान्यांत फिरत असतो. टाइप-1 मधुमेह आणि थायरॉइडच्या काही रुग्णांत हा आजार अधिक सापडतो, आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत, आईवडिलांत, मुलांतही.

निदानानंतर घरातली पोळी बंद झाली. मराठी घराला हे त्या मानाने सोपं जातं असं माझं ठाम मत आहे. पंजाबातल्या कुटुंबाला रोज काय करायचं हा प्रश्न पडेल. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा सगळं जुन्या डब्यांत हजर असतं. घावन, आंबोळी, थालीपीठ, उकड, पोहे, वरणभात, पिठलं-भाकरी यांतल्या बहुतेकांना हात लावावा लागत नाही. थालीपिठाच्या भाजणीतला गहू तेवढा काढायचा. उपवासाचा दिवस तर सर्वांत निर्धास्त, कारण साबुदाणा, भगर, राजगिऱ्याला गव्हाशी देणंघेणं नाही.

खरी लढाई पिठाच्या कणांशी असते. गव्हाच्या एका पोळीत साधारण दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे पोळीचा चाळीस-पन्नासावा हिस्सा पुरतो. भाची भाकरीवर होती, तरी पुढच्या तपासणीत रक्तातली प्रतिपिंडं हवी तशी उतरली नव्हती. वहिनीने स्वयंपाकघर धुंडाळलं आणि शेवटी संशय गिरणीवर आला.

तिच्याबरोबर मी गिरणीत गेले होते. एक चक्की गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची, एक डाळींची, मिरची-मसाल्याची वेगळी. व्यवस्था चोख. पण संध्याकाळी गव्हाचे डबे साचले की गिरणीवाले दादा दोन डबे ज्वारीच्या चक्कीत ओततात, कारण गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. पीठ पडायच्या तोंडाला कापड बांधलेलं असतं, त्याच्या चुण्यांत मागच्या दळणाचं पीठ बसलेलं. पुढच्या दळणाला ते झटकलं की तुमच्या डब्यात. हवेतही पीठच. दादांचा काही दोष नव्हता. ‘ताई, ज्वारीवर ज्वारीच दळलीय,’ असं ते सांगत होते ते त्यांच्या हिशेबाने खरंही होतं. आपल्या आया बेसनासाठी ‘डाळीवर डाळ’ दळायचा आग्रह धरत तो चवीसाठी. इथे प्रश्न आतड्याचा आहे.

वहिनीने घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधी जाऊ दिला नाही. ज्वारी आणली की ताटात पसरून निवडायची, कारण दुकानातल्या पोत्यात गव्हाचे दाणे हमखास निघतात. मग धुऊन, कडक वाळवून दळायची. परात, तवा, चाळणी वेगळी. पोळपाट-लाटणं लाकडी असल्यामुळे त्याच्या रेघांत कणीक बसते, म्हणून भाचीसाठी नवं आलं. पुढे घरातल्या सगळ्यांनीच पोळी सोडली. दोन स्वयंपाकघरं चालवण्यापेक्षा ते सोपं पडलं. प्रतिपिंडं त्यानंतर उतरली. मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांना दोन-दोन वर्षंही लागतात.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे हिंग. आपण वापरतो तो बाजारचा हिंग क्वचितच शुद्ध असतो. मूळ राळ फार उग्र असल्यामुळे तिच्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तोच घ्यावा. हे न वाचल्यामुळे आमटी, लोणचं, चिवडा, पापड या सगळ्यांतून गहू पोटात जात राहतो. मेतकुटात गहू असतो, आपल्याकडच्या सातूच्या पिठात असतो, सोया सॉसमध्ये असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतं, त्यामुळे खात्रीचं पाकीट आणि डॉक्टरांचा सल्ला या दोन्हींशिवाय ते घेऊ नये. ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

इथे खपली गव्हाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. सांगली-साताऱ्याकडचा हा जुना, सकस गहू आता शहरांत ‘कमी ग्लुटेनचा’, ‘पचायला हलका’ म्हणून महाग विकला जातो. इतरांनी तो जरूर खावा. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो साध्या गव्हाइतकाच घातक आहे. देशी, सेंद्रिय, जात्यावरचा, कसाही असला तरी गहू तो गहूच. सूजी, रवा, मैदा, दलिया, शेवया हीही त्याचीच रूपं. हे सांगावं लागतं, कारण ‘पोळी नाही चालत तर शिरा घे’ असं म्हणणारी प्रेमळ माणसं प्रत्येक घरात असतात.

आणि सगळ्यांत अवघड जातं ते या प्रेमळ माणसांपुढे. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा कसा? ‘देवाचा आहे, चिमूटभराने काही होत नाही,’ असं म्हणत आजी हात पुढे करते आणि सोळा वर्षांच्या मुलीला सगळ्यांदेखत नाही म्हणावं लागतं. ‘आत्या, मला भूक आवरता येते गं, पण सारखं समजावून सांगायचा कंटाळा येतो,’ असं भाची एकदा म्हणाली. गोव्यातल्या ख्रिस्ती रुग्णाला पोई सोडावी लागतेच, वर कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये मिळणाऱ्या गव्हाच्या चकतीचा, प्रश्न उभा राहतो. व्हॅटिकनने 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की ही चकती, म्हणजे ऑस्ती, पूर्ण ग्लुटेनविरहित चालणार नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालेल. बहुतेकांना ती सोसते, ज्यांना तीही सोसत नाही ते केवळ द्राक्षारस घेऊ शकतात. सत्यनारायणाला राजगिऱ्याचा किंवा वरीच्या पिठाचा शिरा करायला आपल्याला कोणाची परवानगीसुद्धा लागत नाही.

आता फराळाचं. अनारसे तांदूळ-गुळाचे, निर्धास्त खावेत. बेसनाचे लाडू रवा न घालता करावेत. चकलीची तांदूळ-डाळींची भाजणी चालते. उकडलेल्या मैद्याची चकली मात्र नाही, आणि कडबोळ्यांच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो, तो विचारून घ्यावा. पोह्यांचा चिवडा, शेव हिंगाचं पाहून. करंजी, शंकरपाळे, चिरोटे, रव्याचे लाडू सोडून द्यायचे. एक गोष्ट तळणाऱ्याने सांभाळायची: घाण्याचा क्रम. ज्या तेलात शंकरपाळे तळले त्यात चकली सोडली की ती गेली कामातून. ताज्या तेलात आधी चकल्या-शेव तळून, वेगळ्या डब्यात भरून ठेवा, मग मैद्याचं काय ते करा. पिठी भुरभुरायची असेल तर तांदळाची वापरा.

आहार सांभाळतानाही एक सावधगिरी हवी. ग्लुटेनविरहित म्हणून मिळणारी बिस्किटं, पाव, केक महाग तर असतातच, शिवाय त्यांत पिष्ट, साखर आणि तेलाचा भरणा असतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. त्या पैशात ती किती येईल पाहा. निदानाच्या वेळी लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि मोठ्यांत हाडांची घनता तपासून घ्यावी, आणि प्रतिपिंडांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी करत राहावं. बरं वाटतंय म्हणून पुन्हा पोळी सुरू करणारे पुष्कळ आहेत. बाहेरून काही न दिसताही आतडं पुन्हा सपाट होतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि क्वचित आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो.

हल्ली वजन उतरवायला, त्वचा उजळायला म्हणून गहू सोडायची टूम आहे. त्याने या रुग्णांची वेगळीच पंचाईत होते, कारण उपाहारगृहात ‘गहू चालत नाही’ म्हटलं की समोरचा ते फॅशन समजून हसतो. त्याहून मोठा तोटा स्वतःचाच आहे. गहू सोडून काही आठवडे-महिने गेले की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं सुधारू लागतं आणि तपासणी खोटं ‘नाही’ सांगते. मग आजार आहे की नाही हे ठरवायला पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती: तुमच्या घरात गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय असेल, मुलाची उंची अडली असेल किंवा सख्ख्या नात्यात कोणाला सिलिअ‍ॅक असेल, तर डॉक्टरांना टीटीजी तपासणीबद्दल विचारा, आणि तिचा निकाल लागून निदान पक्कं होईपर्यंत ताटातली पोळी बंद करू नका.