सिग्नलवरचे शोकस्थळ

रायपूरच्या समता कॉलनीतून शहराच्या मध्यवर्ती भागात गेले की जयस्तंभ चौक लागतो. सिग्नल हिरवा होईपर्यंत जेवढा अवधी मिळतो, तेवढाच येथील नागरिक या शहराच्या सर्वांत दुःखद स्मृतीपाशी थांबतो. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी येथेच फाशी दिले गेले, अशी लोकस्मृती आहे. नेमक्या जागेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्यांचा अपराध कोणता? १८५६ च्या दुष्काळात कसडोलच्या व्यापाऱ्याचे कोठार उघडून त्यांनी भुकेल्या प्रजेला धान्य वाटले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. छत्तीसगडही त्याच राज्याचा भाग असल्याने नव्या अंमलाखाली आले होते. त्या अंमलाच्या लेखी हा सरळ दरोडा ठरला. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला फाशीइतकेच हेही अस्वस्थ करते, की साठेबाजीबद्दल कोणाला जाब विचारला गेल्याचे कोठे वाचनात येत नाही.

शोकस्थळांच्या पर्यटनाला १९९६ पासून अभ्यासविषयाचा दर्जा मिळाला. ते पर्यटन अशोभनीय असते असे मुळीच नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील कोठडीत उभा राहिलेला माणूस सहसा आपोआप गप्प होतो. बिघाड होतो तो सजावटीत. जालियनवाला बागेच्या २०२१ मधील नूतनीकरणावर इतिहासकारांनी घेतलेला आक्षेप हाच होता. ज्या अरुंद बोळातून सैनिक आत शिरले, त्याच्या भिंतींवर शिल्पे बसवली गेली आणि बोळाची भीषणता हरवली.

नवा रायपूर येथे नारायण सिंह यांच्या नावाने आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे डिजिटल संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी खुले झाले. ते स्वागतार्हच आहे. परंतु घटनेचे शहर एकीकडे आणि तिचे स्मरण दूर नव्या राजधानीत, ही विभागणी मला पटत नाही. २२ जानेवारी १८५८ रोजी याच रायपुरात हनुमान सिंह यांच्या १७ साथीदारांना फाशी झाली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. त्यांची नावे किती रायपूरकरांना सांगता येतील?

पडदे आणि प्रकाशझोत नकोत. चौकाजवळ पायी थांबता येईल एवढी जागा, हिंदी व छत्तीसगढीत सतरा नावांसह एक फलक, आणि त्यावर दुष्काळाचा स्पष्ट उल्लेख असावा. जागेविषयीचा मतभेदही फलकावर लिहावा. शाळेच्या सहलीतील मुलांना तो समजतो.