ऐकू येण्याचा हक्क : इलेक्ट्रिक गाडी, डीजे आणि आपले स्वातंत्र्य

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की रस्त्यावरचा गोंगाट आपोआप संपेल, असे अलीकडे सर्रास म्हटले जाते. धूर कमी होईल, यात वाद नाही. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणात या गाड्यांना समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफीही आहे. पण आवाजाचा प्रश्न इंजिनाबरोबर संपणारा नाही. तो का संपत नाही हे समजून घ्यायला पुण्या-मुंबईपेक्षा गडचिरोलीचे हेमलकसा जास्त उपयोगी पडेल.

भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. त्याच परिसरात, हेमलकसा येथे, १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना चालतो. आजूबाजूला जंगल आणि माडिया गोंडांची गावे. अशा ठिकाणी बॅटरीवरची गाडी हळू जात असली तरी खडीवरून फिरणाऱ्या चाकांची चरचर ऐकू येते. पाठीमागून काहीतरी येते आहे हे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला कळते. तीच गाडी चंद्रपूरच्या गजबजलेल्या चौकात आणा. हॉर्न, जनरेटर आणि दुकानाबाहेरचे स्पीकर यांच्यात ती पूर्ण हरवते. रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसासाठी ती जणू नसतेच.

गाडीचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो, इंजिनातून आणि टायर रस्त्याला घासण्यातून. वेग कमी असताना इंजिनाचा आवाज जास्त असतो. वेग वाढला की टायरचा आवाज त्याच्यावर मात करतो. म्हणून भरधाव इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा फारशी शांत नसते. सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज घेऊन आलापल्लीच्या रस्त्याने धावणारे अवजड ट्रक उद्या बॅटरीवर चालले, तरी टायर, हॉर्न आणि खड्ड्यांत आदळणारा लोखंडी हौदा तोच राहणार. खरा फरक पडतो तो गल्लीत, बाजारात, शाळेच्या फाटकाशी, म्हणजे गाडी हळू चालते आणि माणसे पायी चालतात तिथे. आणि नेमकी तिथेच ती शांतता धोक्याची ठरते.

अंध व्यक्तींच्या संघटनांनी हा मुद्दा जगभर लावून धरला. त्यातून युरोपात नियम झाला, की नव्या इलेक्ट्रिक गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात पादचाऱ्याला ऐकू येईल असा आवाज स्वतःहून करायचा. हा आवाज फार मोठा नसतो. ताशी २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल, म्हणजे साधारण बोलण्याइतका. आपल्याकडेही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये अशा सक्तीचा मसुदा काढला. नव्या मॉडेलसाठी ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून बनणाऱ्या मॉडेलसाठी ऑक्टोबर २०२७ अशा तारखा त्यात सुचवल्या आहेत.

आता हे ५६ डेसिबल आपल्या चौकात ठेवून बघा. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. चौकात ८० डेसिबलचा गलका असेल तर गाडीचा इशारा त्याच्या शेकड्याने लहान आहे, तो कानापर्यंत पोहोचणारच नाही. मोठा आवाज करणारा दुसऱ्याला नुसता त्रास देत नाही, तो दुसऱ्याचे ऐकणे काढून घेतो. दवाखान्याबाहेर स्पीकर दणाणत असेल तर डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून छातीतली घरघर नीट ऐकू येत नाही. आवाजाकडे आम्ही याच नजरेने पाहतो, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते राज्य सरकारने अधिसूचनेने जाहीर करावे लागते. हे अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसते. या नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चारच विभाग आहेत. जंगलासाठी वेगळा विभाग नाही, जणू तिथे ऐकणारे कोणी राहतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले, की बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क नव्हे. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात शांतपणे जगणेही येते. धर्मस्वातंत्र्याचे कलम २५ तर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच सुरू होते.

इथवर आपले सगळ्यांचे एकमत होईल. अडचण पुढे आहे, कारण आता १४ एप्रिलच्या मिरवणुकीविषयी बोलायचे आहे.

आपल्यासाठी आवाज ही चैन कधीच नव्हती. गावातून वाजतगाजत वरात नेण्याचा हक्क आपल्या आजा-पणजांना नव्हता. दुसऱ्यांच्या दारात वाजवायचे ते आपण आणि आपल्या लग्नात गप्प राहायचे तेही आपणच. शिर्डीत २०१५ मध्ये मोबाइलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून एका दलित तरुणाचा खून झाला. नांदेडजवळ बोंढार हवेलीत २०२३ मध्ये एका तरुणाची हत्या झाली, ती गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार आहे. रिंगटोनला डेसिबलची कुठली मर्यादा मोडता येते? तिथे आवाज खुपलाच नव्हता, नाव खुपले होते. त्यामुळे कोणी ध्वनिप्रदूषणाचा विषय काढला की आपल्या पोरांच्या मनात पहिली शंका येते ती ‘नियम आमच्यासाठीच का?’ ही. ही शंका आम्हाला गैर वाटत नाही. सगळ्या उत्सवांना एकच मीटर लावा, ही मागणी आपण सोडायची नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क आपण लढून मिळवला. डीजेच्या भिंतीची उंची हा त्या हक्काचा भाग नाही. त्या भिंतीचे भाडे वस्तीच्या वर्गणीतून जाते आणि तिचा सगळ्यात जास्त मारा आपल्याच पत्र्याच्या घरांतल्या तान्ह्या बाळांवर आणि म्हाताऱ्यांवर होतो. शिवाय त्या दणक्यात भीमगीताचे शब्दच ऐकू येत नाहीत. वामनदादा कर्डक खेड्यापाड्यांत गात फिरले ते लोकांना शब्द ऐकू यावेत म्हणून.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आपले जीवनतत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सांगितले, आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचेही सांगितले. त्यात त्यांनी सर्वांत वरचे स्थान बंधुतेला दिले. कायदा कोणीही मोडू शकतो, बंधुता असेल तरच स्वातंत्र्य आणि समता टिकतात, असा त्यांचा आशय होता. इलेक्ट्रिक गाडीचा नियम वाचताना आम्हाला हे भाषण आठवले. तिथे गाडीवाल्याला आवाज कर म्हणून सांगितले आहे, डीजेवाल्याला आवाज कमी कर म्हणून. वरवर उलटे दिसणारे हे दोन नियम एकाच माणसाकडे पाहून केलेले आहेत, ज्याला बाजूला सरकता येत नाही त्याच्याकडे. तो आंधळा असेल, आजारी असेल, किंवा गाभण हरिणी असेल.

येत्या जयंतीच्या तयारीत मंडळांना काही गोष्टी लगेच करता येतील. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहा ते बारा ध्वनिवर्धकाची सवलत देता येते. आपल्या जिल्ह्याच्या यादीत १४ एप्रिल आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच विचारा. ही सवलत वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी वस्तीत दिवसा हा आकडा ६५ येतो. मोबाइलवरचे मोजणीचे ॲप पुरावा म्हणून चालणार नाही, पण अंदाज नक्की देते. ते स्पीकरसमोर नाही, शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून वापरा. वाटेत दवाखाना असेल तर तो परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे का ते तपासा, नसेल तर तसे निवेदन द्या. चंद्रपुरात दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर मोठी गर्दी जमते. तिथे येणाऱ्या अंध उपासक-उपासिकांना रस्ता कुठे ओलांडावा लागतो, हे पाहायलाही दोन कार्यकर्ते पुरेसे आहेत.