डोंगरउताराचे गणित आणि कंपायलरची पारख

खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर समाजाची इर्शाळवाडी वसली होती. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री, संततधार पावसात, वरच्या उताराची माती आणि दगड या वाडीवर कोसळले. पायवाटेखेरीज दुसरा रस्ता नसल्यामुळे यंत्रसामग्री वर नेता आली नाही. मदतकार्य हातांनी आणि फावड्यांनीच करावे लागले. चार दिवसांनंतर शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

ही दुर्घटना कोणत्याही संगणकाच्या चुकीमुळे घडली, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु यापुढे कोणती वाडी यादीत यावी आणि कोणती येऊ नये, हे ठरविण्याच्या कामी संगणकीय प्रतिमानांचा आधार उत्तरोत्तर अधिक घेतला जाणार, हे उघड आहे. तेव्हा त्या प्रतिमानाचे उत्तर कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. तो तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि शिक्षक यांचाही होतो. या विश्वसनीयतेतील एक दुवा सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. तो म्हणजे कंपायलर.

प्रतिमान म्हणजे काय?

माथेरानचा डोंगर, राजमाचीचे खोरे आणि बोरघाट यांनी वेढलेला कर्जत-खालापूरचा प्रदेश पावसाच्या माऱ्यात येतो. उल्हास नदी कर्जत, नेरळवरून पुढे ठाणे जिल्ह्यात जाते, तर पाताळगंगा खोपोली-खालापूरकडून खाडीकडे वाहते. या प्रदेशाचा नकाशा लहान लहान चौकोनांत विभागावयाचा आणि प्रत्येक चौकोनासाठी उताराचा कोन, मातीची जाडी, मातीच्या कणांची एकमेकांस धरून ठेवण्याची शक्ती व मुरलेल्या पाण्याचा दाब यांची आकडेमोड करावयाची, हे दरडींच्या प्रतिमानाचे स्वरूप होय.

माती जागेवर धरून ठेवणारे बल भागिले तिला खाली ओढणारे बल, या गुणोत्तरास सुरक्षा गुणांक म्हणतात. तो १ पेक्षा जास्त असेल तर उतार टिकतो, १ च्या खाली गेला तर तो घसरण्याची स्थिती निर्माण होते. पाऊस मुरत जातो तसा पाण्याचा दाब वाढतो आणि गुणांक उतरत जातो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेली ‘ट्रिग्रस’ ही आज्ञावली हेच गणित चौकोनागणिक करते. ती फोरट्रान या भाषेत लिहिलेली आहे.

फोरट्रान ही जुनी भाषा असली तरी अडगळीत पडलेली नाही. हवामानाची अनेक मोठी प्रतिमाने आजही तिच्यातच आहेत. पिकांच्या वाढीचे गणित करणारा ‘डीएसएसएटी’ हा प्रसिद्ध आज्ञावलीसंच १९८९ साली प्रथम प्रसृत झाला, तोही याच भाषेत आहे. त्यात भाताच्या वाढीचेही प्रतिमान आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील संशोधन केंद्राने भाताच्या ‘कर्जत’ मालिकेतील वाण दिले. अशा वाणाची वाढ दिवसागणिक कशी होईल, हे आता कागदावर नव्हे तर संगणकावर आजमावून पाहता येते.

दुभाष्याचे काम

संगणकास फोरट्रान कळत नाही. त्याला केवळ शून्य आणि एक या अंकांतील यंत्रभाषा कळते. मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी जी दुसरी आज्ञावली असते, ती म्हणजे कंपायलर. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत फोरट्रानचा पहिला कंपायलर तयार केला आणि तो १९५७ साली वापरात आला.

शासकीय कामकाजाचे उदाहरण घेऊ. एखाद्या आदेशाचे भाषांतर करताना भाषांतरकाराने घाईत ‘किमान’ हा शब्द गाळला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, अर्थ मात्र पालटतो. कंपायलरचेही तसेच आहे. तो केवळ शब्दशः भाषांतर करीत नाही. काम वेगाने व्हावे म्हणून आज्ञांचा क्रम बदलतो, काही आज्ञा एकत्र करतो, काही अनावश्यक समजून वगळतो. ही वेगवृद्धी उपयुक्त असते. मात्र गणिताच्या अर्थास धक्का न लावता ती किती करावी, याविषयी सर्व कंपायलरांचे धोरण एक नसते.

एकच बेरीज, दोन उत्तरे

संगणक संख्या मर्यादित अंकांतच साठवितो. संख्या साठविण्याची जी प्रमाण पद्धत १९८५ साली ठरली, तिच्या साध्या प्रकारात सुमारे ७ अंक आणि दुहेरी प्रकारात सुमारे १५ ते १६ अंक टिकतात. त्यापुढील अंक सोडून द्यावे लागतात. याचा परिणाम समजण्यासाठी चारच अंक साठविणारा एक संगणक कल्पू या.

हंगामाचा पाऊस १००० मि. मी. झाला आहे. त्यानंतर दर अर्ध्या तासाला ०.४ मि. मी. अशा पाच नोंदी आल्या. पहिली नोंद मिळविली की बेरीज १०००.४ होते, पण चार अंकांत ती पुन्हा १००० च राहते. पाचही नोंदी अशा एकेक करून मिळविल्या तरी उत्तर १००० च येते. जणू पाऊस पडलाच नाही. उलट आधी पाच नोंदींची आपापसांत बेरीज केली तर ती २.० भरते आणि एकूण १००२ होते. नोंदी त्याच, बेरीज तीच. केवळ क्रम बदलला.

बेरजेचा क्रम कोणता ठेवावा, हे पुष्कळदा कंपायलर ठरवितो. म्हणून एकच आज्ञावली दोन कंपायलरांतून काढल्यास शेवटच्या अंकांत फरक पडणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून एकास खोटे ठरविता येत नाही. सातव्या अंकातील फरकाने इर्शाळगडाचा उतार बदलत नाही, कारण मातीची मोजलेली शक्ती दोन अंकांपर्यंत खात्रीची असली तरी पुष्कळ झाले. परंतु एका कंपायलरने सुरक्षा गुणांक १.०४ आणि दुसऱ्याने ०.९७ दिला, तर तो फरक गोलाईचा नव्हे. तेथे काम थांबवून कारण शोधले पाहिजे.

दोष कोणाचा?

अशा वेळी दोष बहुधा आज्ञावलीतच सापडतो, असा अनुभव आहे. नकाशाच्या कडेच्या चौकोनाचे गणित करताना आज्ञावली चुकून एक घर पुढे जाते आणि सात-बाराच्या वहीत शेजारच्या खातेदाराची ओळ वाचावी तशी भलतीच संख्या उचलते. किंवा एखाद्या राशीस आरंभी किंमत दिलेलीच नसते. एका कंपायलरच्या हाती तेथे योगायोगाने शून्य पडते, दुसऱ्याच्या हाती जुनी उरलेली संख्या. चांगल्या कंपायलरमध्ये या दोन्ही चुका पकडण्याचे तपासणी-पर्याय असतात. ते लावल्यास काम संथ होते, पण चूक ज्या ओळीत आहे तिचा क्रमांक मिळतो.

कंपायलर स्वतः चुकत नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सी भाषेच्या कंपायलरांना यदृच्छेने तयार केलेल्या आज्ञावल्या देऊन त्यांची परीक्षा घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तीन वर्षांत ३२५ हून अधिक दोष आढळून आले. नामांकित कंपायलरही त्यातून सुटले नाहीत.

तिसरा धोका वापरणाऱ्याने स्वतःहून पत्करलेला असतो. जीसीसी या कंपायलरसंचात ‘फास्ट मॅथ’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की कंपायलर सर्व संख्या नियमित आहेत असे गृहीत धरतो. पावसाच्या आकडेवारीत, यंत्र बंद पडल्यामुळे नोंद नसेल तेथे ‘ही संख्याच नव्हे’ अशी खूण पुष्कळदा ठेवलेली असते. ‘फास्ट मॅथ’ लावल्यावर ही खूण तपासणारी ओळच अनावश्यक म्हणून वगळली जाऊ शकते. नेमक्या अतिवृष्टीच्या रात्री पर्जन्यमापक बंद पडले, तर याचा अर्थ काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

हवामानाची गोष्ट वेगळी

१९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने आपले गणित मध्यापासून पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरील ०.५०६ ही संख्या संगणकास दिली. काही काळातच नवे हवामान जुन्याहून अगदी भिन्न निघाले. तेव्हा हवामानाच्या प्रतिमानात कंपायलर बदलल्यावर प्रत्येक दिवसाचे उत्तर अंकशः जुळावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राने यावर एक तोडगा काढला. आरंभस्थितीत अत्यल्प फरक करून प्रतिमान अनेकदा चालवावयाचे आणि त्या समूहात नव्या कंपायलरचे उत्तर सामावते की वेगळे पडते, हे संख्याशास्त्राने पाहावयाचे.

आपल्याकडेही हा प्रश्न वारंवार उभा राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक आले. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकोनांची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. यंत्र बदलले की प्रतिमान त्या यंत्रासाठी नव्याने रूपांतरित करावे लागते आणि प्रत्येक वेळी जुन्या-नव्या उत्तरांचा मेळ घालून पाहावा लागतो.

निवड कशी करावी?

आज फोरट्रानसाठी अनेक कंपायलर उपलब्ध आहेत. जीसीसी संचातील ‘जीफोरट्रान’ विनामूल्य आहे आणि त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. आपल्या आयआयटी मुंबईतही जीसीसीच्या अभ्यासाचे व अध्यापनाचे काम झालेले आहे. इंटेल कंपनीचा जुना ‘आयफोर्ट’ आता बंद झाला असून त्याची जागा ‘आयएफएक्स’ने घेतली आहे. एनव्हिडिया कंपनीचा कंपायलर चित्रप्रक्रियकांवर काम करण्यासाठी वापरतात, तर ‘नॅग’चा कंपायलर काटेकोर तपासणीबद्दल ओळखला जातो. यांपैकी सर्वांत चांगला कोणता, असे विचारण्यापेक्षा आपल्या कामास विश्वासार्ह कोणता, असे विचारणे योग्य ठरेल. त्यासाठी पुढील कसोट्या लावाव्यात.

१. भाषेच्या प्रमाणित नियमांपासून आज्ञावली ढळली की तो तशी सूचना देतो काय?

२. सीमा ओलांडणे व किंमत न दिलेल्या राशी पकडण्याची सोय आहे काय?

३. वेगवृद्धी बंद ठेवून आणि सुरू करून आलेली उत्तरे मान्य मर्यादेत जुळतात काय?

४. ज्याचे उत्तर हाती आधीच आहे, असे नमुना-गणित तो बरोबर सोडवितो काय?

५. त्याचे दोष उघडपणे नोंदविले व दुरुस्त केले जातात काय आणि दहा वर्षांनंतरही तो उपलब्ध राहण्याचा संभव आहे काय?

वेगाची कसोटी या सर्वांनंतर येते. तालुक्याचे दरडप्रतिमान दोन तासांऐवजी तीन तासांत पुरे झाले, तर फारसे बिघडत नाही. चुकीचे उत्तर लवकर मिळून मात्र काहीच साधत नाही. आणि निवड एकाची केली तरी पडताळा दुसऱ्याशी घ्यावा, हा सर्वांत उपयुक्त नियम होय.

आपले कर्तव्य

दरडप्रवण क्षेत्रांचा नकाशा असो, की २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा असो, असे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविताना अधिकाऱ्यांनी कार्यादेशातच तीन गोष्टी मागाव्यात: कंपायलरचे नाव, आवृत्ती व लावलेले पर्याय यांची लेखी नोंद, दुसऱ्या कंपायलरने आलेल्या उत्तरांशी तुलना, आणि नमुना-गणिताचा निकाल. यास वेगळा खर्च फारसा नाही, परंतु पाच वर्षांनी तेच गणित पुन्हा करावयाची वेळ आली तर या नोंदीचे मोल कळते.

शिक्षकांनी चार अंकांच्या बेरजेचा वरील प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. संगणकाचे उत्तर म्हणजे अंतिम सत्य, हा समज दूर होण्यास तो पुरेसा आहे. पंचायत सदस्यांचा वाटा तर याहून मोलाचा आहे. उतारावर पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेले झाड या गोष्टी कोणत्याही कंपायलरला दिसत नाहीत. त्या वाडीतील माणसालाच दिसतात. त्या वेळीच तहसील कार्यालयास कळविल्या पाहिजेत.

प्रतिमान हे अखेर साधन आहे. त्याचे उत्तर १ च्या वर आहे की खाली, यावर एखाद्या वाडीने पावसाळ्याची रात्र घरात काढावी की खालच्या शाळेत, हे ठरणार असेल, तर ते उत्तर कोणत्या दुभाष्याच्या तोंडून आले आहे, हे विचारण्याचा अधिकार त्या वाडीला आहे आणि ते तपासून घेण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.