महापुरानंतरचे कृष्णा-पंचगंगा खोरे

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. पावसाळ्यात येथील दत्तमंदिरात नदीचे पाणी शिरते आणि भाविक दक्षिणद्वाराच्या स्नानाची वाट पाहतात. पूर हा या भागातील लोकांच्या नित्य परिचयाचा आहे. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये आलेला पूर हा ओळखीचा पूर नव्हता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असता पाणी ५५ फुटांच्या वर चढले. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, याच बंधाऱ्यावर ते ५६ फुटांच्याही पलीकडे गेले.

आज या खोऱ्यातून फिरणाऱ्यास प्रथमदर्शनी पुराची खूण दिसत नाही. दोन्ही तीरांवर ऊस उभा आहे. पाण्याची रेषा कोठे घराच्या भिंतीवर, कोठे देवळाच्या खांबावर राहिली आहे, एवढेच. परंतु जमिनीत झालेला फेरबदल वरून दिसत नाही. तो समजून घेतला तरच पुढील पुरात होणारी हानी कमी करता येईल.

पाणी का रेंगाळते?

भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी इत्यादी नद्या मिळून पंचगंगा होते. कोयना कराड येथे व वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. या बहुतेक नद्यांचा उगम सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या प्रदेशात असल्यामुळे त्या एकाच वेळी फुगतात. धरणे भरलेली असल्यास सोडलेल्या पाण्याची त्यात भर पडते. घाटाखाली आल्यावर नदीचा उतार मंदावतो व पात्र वळणे घेत जाते. कृष्णाच तुडुंब भरली असेल तर पंचगंगेच्या पाण्यास वाट मिळत नाही. ते मागे सरून शेतांत पसरते. म्हणूनच येथील पिके काही तास नव्हे, तर कित्येक दिवस पाण्याखाली राहतात.

पिकावरील परिणाम

ऊस हे पीक पाण्यात काही काळ तग धरते. मात्र शेंडा पाण्याबाहेर असला पाहिजे. पोंग्यात पाणी व गाळ शिरून तो अनेक दिवस बुडून राहिला तर वाढीचा कोंब कुजतो. मग कांडीवरील डोळे फुटून पांगशा येतात, साखरेचे प्रमाण घटते व वजन कमी भरते. अशा उसाचा शेंडा चिरून पाहावा. कोंब पांढरा व टणक असल्यास पीक सावरू शकते. तो मऊ पडून दुर्गंधी येत असल्यास त्या पिकाची आशा धरू नये. कुजलेला परंतु वाढ झालेला ऊस गाळपास लवकर जाईल अशी व्यवस्था करावी. सोयाबीन व भुईमूग ही पिके इतके दिवस पाणी सहन करीत नाहीत.

जमिनीवरील परिणाम

पुराबरोबर येणारा बारीक गाळ सुपीक असतो, हे खरे. परंतु त्याचा थर वाळून कडक झाला की जमिनीचा श्वास कोंडतो. साचलेल्या पाण्यामुळे जमिनीतील नत्रही वाया जातो. याकरिता प्रथम चर काढून पाणी वाहून जाऊ द्यावे. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर वा बैल घालू नयेत. वाफसा आल्यावर कुळवणी करून थर फोडावा आणि उभे पीक जिवंत असल्यास नत्राचा हप्ता द्यावा. जेथे पीक गेले तेथे ताग किंवा धैंचा पेरून गाडावा.

नदीकाठच्या काळ्या जमिनीत पुराच्या पाण्याबरोबर बारमाही सिंचनाचे पाणीही मुरते. निचरा नसेल तर क्षार वर येतात व जमीन खारवट वा चोपण होते. या दोहोंवरील उपाय भिन्न आहेत. खारवट जमिनीस निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. चोपण जमिनीस त्याशिवाय जिप्समही लागतो. निचऱ्यावाचून घातलेला जिप्सम वाया जातो. म्हणून माती परीक्षण झाल्याखेरीज खर्च करू नये. शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांची निचरा पद्धत बसविली आहे. एकट्याच्या शेतातील पाणी शेवटी शेजाऱ्याच्याच बांधावर जाते. म्हणून हे काम सामुदायिक रीतीनेच करावयास हवे.

पूर्वतयारी

२०१९ मध्ये अनेक कुटुंबे २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून घरातच राहिली. त्या वर्षी जेथे पाणी आले नव्हते, तेथे ते येणार नाही असा त्यांचा समज होता. पाणी चढल्यावर मात्र बाहेर पडण्यास नावेवाचून मार्ग उरला नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. जुनी खूण ही पाणी कोठवर आले होते ते सांगते. ते कोठवर येईल हे सांगत नाही.

यास्तव ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी पुढील कामे पार पाडावीत :

१. गावातील सखल घरांची, वृद्धांची, आजाऱ्यांची व गरोदर स्त्रियांची यादी करावी.

२. बंधाऱ्यावरील कोणत्या पातळीस गावचा कोणता रस्ता बंद होतो, याची नोंद चावडीवर लावावी.

३. जनावरांसाठी उंचावरील जागा व वैरण आधीच ठरवावी. जनावरे इशारा पातळीसच हलवावीत. निदान दावी तरी सोडावीत. दाव्यास बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

४. नदीलगतच्या मोटारी व स्टार्टर वेळीच काढून घ्यावेत. पाणी चढू लागल्यावर त्यांस हात लावू नये.

५. पिकांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. पंचनाम्याच्या वेळी तिचाच आधार मिळतो.

६. निळ्या पूररेषेच्या आत नवे घर वा गोठा उभारला जाणार नाही, याबद्दल ग्रामसभेत वारंवार सांगावे. ओढे-नाले बुजवू देऊ नयेत.

शेतकरी बंधूंनीही सर्वांत सखल तुकड्यात खर्चिक पीक घेण्यापूर्वी विचार करावा. तेथे वैरणीची पिके घेतल्यास बुडणारी रक्कम थोडी राहते. नदीकाठची जमीन सोडून कोणी जाणार नाही, व जाण्याचे कारणही नाही. पण नदीस पसरावयास लागणारी जागा तिची तिला ठेवूनच तेथील शेती करणे शहाणपणाचे होईल.