रात्रपाळीनंतरची झोप

सकाळी खापरखेडा औष्णिक वीज केंद्राची रात्रपाळी सुटते, तेव्हा टपरीवर चहा उकळत असतो. काही जण गाडी थांबवतात, काही तसेच पुढे जातात. आता चहा घेतला तर डोळा लागणार नाही, हे त्यांना सवयीने कळलेलं असतं.

कोलार नदीकाठच्या या केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, असे एकूण १,३४० मेगावॅटचे संच आहेत. विजेची मागणी रात्रीही थांबत नाही. म्हणून इथे कुणीतरी जागं असावंच लागतं.

कोळसा जळला की राख उरते. मेंदूतही काहीसं तसंच होतं. पेशी ऊर्जेसाठी एटीपी नावाचं इंधन खर्च करतात आणि त्यातून जागेपणाच्या तासांबरोबर ॲडेनोसिन साचत जातं. ते मज्जापेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरमध्ये बसलं की पापण्या जड होतात. चहातल्या कॅफीनची घडण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती; ते त्याच जागा अडवून बसतं. साचलेलं ॲडेनोसिन तिथंच राहतं, त्याचा निरोप तेवढा पोचत नाही. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी नऊला अंथरुणातही निम्मा सोबत असतो.

जागं ठेवणारी वनस्पती आहे, तशा निजवणाऱ्याही आहेत. मेंदूला शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. त्याचा एक रिसेप्टर पाच तुकड्यांनी बनलेल्या नळीसारखा असतो. ती उघडली की क्लोराइडचे ऋणभारित कण पेशीत शिरतात आणि पेशीची खळबळ मंदावते. झोपेच्या अनेक गोळ्या इथेच काम करतात. आपल्या तगरीची युरोपीय बहीण व्हॅलेरियन. तिच्या मुळातलं व्हॅलेरेनिक आम्लही याच नळीच्या एका तुकड्यावर पकड घेतं.

अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातच ‘सोम्निफेरा’, म्हणजे निद्रा आणणारी, असा शब्द आहे. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिच्या पानांतलं ट्रायएथिलीन ग्लायकॉल उंदरांना दिलं, तेव्हा त्यांची झोप वाढली. माणसांवरच्या पाच चाचण्यांचा, एकूण ४०० जणांचा, आढावा २०२१ मध्ये निघाला. त्यात झोप सुधारलेली दिसली, पण थोडीच. आणि आठ आठवडे किंवा अधिक काळ घेणाऱ्यांत परिणाम जास्त स्पष्ट होता. म्हणजे आज चूर्ण घेतलं आणि आजच गाढ झोप, असा हा मामला नाही. शिवाय काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

जायफळाचंही तसंच. सहाणेवर दोन वळसे उगाळून दुधात घालणं ही जुनी, मापातली रीत. तेच काही ग्रॅम पोटात गेलं, तर छाती धडधडते, भास होतात.

आणि वनस्पती कितीही गुणी असली, तरी सकाळचं ऊन तिच्या विरोधात उभं असतं. डोळ्यांवर पडणारा उजेड मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो आणि शरीराला दिवस उजाडल्याचं सांगतो. म्हणून रात्रपाळीवाल्याच्या घरात जाड पडदे सकाळीच ओढले जातात, मोबाइल दुसऱ्या खोलीत जातो, उन्हाळ्यात कूलर भरून ठेवलेला असतो. भाजीवाल्याची हाक दाराशी आली, की घरातलं कुणीतरी ओठांवर बोट ठेवून लगबगीने बाहेर येतं.